खापरकाका

खापरकाकांना कुणी ‘काय, बरं आहे ना?’ विचारलं तर ते ‘तडा नाही’ असं उत्तर देतात. सर्दी-पडसं असेल तर ‘काठ जरा उडालाय, बूड शाबूत.’ विमा कंपनीच्या सागरी विभागात त्यांची अख्खी नोकरी गेली आणि तीही फुटक्या मालाच्या टेबलावर. बोटीने आलेल्या कपबश्या, बरण्या, नहाणीघरातली भांडी गोदीत फुटून निघाली की खोकं उघडून काका त्यापुढे उकिडवे बसायचे. किती नग, कुठून फुटले, तडा जुना की नवा, पेंढा पुरेसा भरला होता का. नखाने टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर माल चांगला, बद्द वाजलं तर दावा मंजूर. निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, टिचकी राहिली. प्रभादेवीला सयानी रोडच्या आत आमच्या इमारतीत नवीन बिऱ्हाड आलं की काका ओळख करून घ्यायला जातात आणि बोलता बोलता त्यांची फुलदाणी वाजवून येतात. यजमान टकला असेल तर काकू आधीच ‘हात खिशात’ अशी खूण करतात.

मुंबईत प्रत्येक गल्लीला एक माणूस असा दिलेला असतो, की ज्याचा देह गल्लीत आणि जीव भलतीकडे. दादरला विम्बल्डनच्या हिरवळीची काळजी वाहणारे आहेत, गिरगावात लॉर्ड्सच्या खेळपट्टीला पाणी जास्त झालं म्हणून झोप न लागणारे आहेत. यातल्या बहुतेकांनी विमानात पाय ठेवलेला नसतो. आमच्या गल्लीच्या वाट्याला अथेन्स आलं, आणि तेही अडीच हजार वर्षांपूर्वीचं.

त्याला कारण एक कॅलेंडर. कुठल्याशा ग्रीक जहाज कंपनीने ते डिसेंबरात कचेरीत पाठवलं होतं. साहेबांनी स्वित्झर्लंडचे डोंगर घेतले, हेडक्लार्कने वैष्णोदेवी घेतली, उरलेलं काकांकडे आलं. बारा महिने, बारा भांडी. लाल मातीवर काळी माणसं, नाहीतर काळ्या जमिनीवर लाल माणसं. काका आधी व्यवसायाच्या नजरेने बघत गेले: कान शाबूत, गळा सांधलेला, बूड ठीक. ऑगस्टच्या पानावर अडखळले. तिथे फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातला एक भला मोठा कलश होता. एर्गोतिमोसने घडवलेला, क्लेतियासने रंगवलेला, इसवी सनापूर्वी ५७० च्या सुमाराचा. १८४४ साली फ्रान्स्वा नावाच्या माणसाला तो इटलीत क्यूझीजवळच्या थडग्यात सापडला म्हणून त्याला म्हणतात फ्रान्स्वा कलश. खाली बारीक टायपात लिहिलं होतं, की १९०० साली संग्रहालयातल्याच एका पहारेकऱ्याने रागाच्या भरात त्याच्यावर स्टूल फेकलं आणि कलशाचे ६३८ तुकडे झाले. ते सगळे पुन्हा जोडून कलश उभा केला आहे.

काकांनी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. आयुष्यभर त्यांनी हजारो भांड्यांचे तुकडे मोजले होते, पण मोजून झाले की धनादेश जायचा आणि तुकडे कचऱ्यात. फुटलेलं भांडं जोडायचंही असतं, ही कल्पनाच विमा कंपनीच्या कुठल्या नियमात नव्हती. ‘६३८!’ ते घरी येऊन काकूंना म्हणाले, ‘आणि दावा कुणी लावला नाही!’

ते वर्ष कधीच संपलं, कॅलेंडर अजून भिंतीवर आहे. तिथ्या चुकतात, सुट्ट्या चुकतात. काकूंनी एके काळी त्यावर दुधाचा हिशेब ठेवला होता, त्यामुळे एप्रिलमधल्या अकिलीसच्या ढालीवर ‘अर्धा लि. फाटलं’ असं निळ्या शाईत आहे.

फुटपाथवरची पुस्तकं, एशियाटिकमध्ये वर्गणी असलेल्या मेव्हण्याची ओळख, पुढे नातवाने दिलेला टॅब, अशा मार्गांनी काकांचा अभ्यास वाढला आणि मग गल्लीची खैर राहिली नाही. मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग लांबत लांबत गेली, की लोकांना रांग दिसते, काकांना भांड्यावरचा पट्टा दिसतो. ‘बघा, सगळे एका अंगाने. एक डोळा, एक नाक, पुढे पाऊल. काळ्या आकृतीची शैली हीच. समोर तोंड केलेला माणूस भांड्यावर क्वचित सापडतो. राक्षसीण गॉर्गन, नाहीतर दारूचा देव डायोनायसस. फ्रान्स्वा कलशावर पेलियस आणि थेटिसच्या लग्नाला सगळे देव वरातीने चाललेत, आणि हा गडी दारूचं भांडं खांद्यावर घेऊन आपल्याकडे बघतोय.’ रांगेतही समोर तोंड करून उभा असलेला एखादा असतोच. तो मध्ये घुसायला जागा शोधत असतो, असा काकांचा अनुभव आहे.

इमारतीखाली रात्री कॅरम चालतो. तिथल्या मंडळींनी काकांना प्रथम सहन केलं ते एक्सेकियस नावाच्या चित्रकाराच्या व्हॅटिकनमधल्या भांड्यामुळे. ट्रॉयचं युद्ध चालू आहे आणि दोन वीर पटावर वाकून खेळतायत. डावीकडे अकिलीस, शिरस्त्राण घातलेला. उजवीकडे एजॅक्स, त्याचं शिरस्त्राण मागे ढालीवर ठेवलेलं. खेळतानाही दोघांच्या हातात भाले. अकिलीसच्या तोंडापाशी लिहिलंय ‘चार’, एजॅक्सच्या तोंडापाशी ‘तीन’.

‘म्हणजे क्वीन त्याचीच,’ स्ट्रायकर हातात धरून एकजण म्हणाला.

‘होमरने हा डाव सांगितलेलाच नाही. चित्रकाराने मनाने घातला. लढाईत माणूस कसा मारतो ते सगळेच काढतात रे. हा म्हणाला, मधल्या वेळात काय करत असतील?’

‘आपण करतो तेच,’ दुसरा म्हणाला. पोरांना वीर आपले वाटायला लागले. मग काकांनी पुढची हकिकत सांगितली: चारवाला बाणाने मरतो, त्याच्या चिलखतावरून भांडण लागतं, तीनवाला स्वतःच्या तलवारीवर पडून जीव देतो. तो प्रसंगही एक्सेकियसनेच काढलाय. एजॅक्स एकटा, खाली बसून वाळूत तलवार नीट रोवतोय. त्या रात्री बोर्ड लवकर उचलला गेला. काकांना कुठे थांबावं हे कळत नाही, हा त्यांचा एकमेव खरा तडा.

हर्क्युलिसच्या गोष्टी मात्र पोरांना पाठ आहेत. काका हेराक्लीस म्हणतात, पोरं सायकलमुळे हर्क्युलिसच म्हणतात. लूव्रमधल्या एका घड्यावर हा पठ्ठ्या पाताळातला तीन तोंडांचा कुत्रा साखळीला धरून राजा युरिस्थियसपुढे आणतो. राजानेच तो आणायला सांगितलेला. आणि प्रत्यक्ष कुत्रा दारात आल्यावर राजा कुठे? रांजणात! फक्त डोकं आणि वर केलेले दोन हात दिसतायत. पाण्याचा टँकर आला नाही की आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी घरात असूनही बेल वाजवल्यावर दार उघडत नाहीत. काका जिन्यात उभे राहून सर्वांना ऐकू जाईल असं म्हणतात, ‘रांजणात आहेत.’ गल्लीतल्या कुत्र्यालाही काकांनी केर्बेरोस असं नाव दिलं. त्याला तोंड एकच आहे, पण भुंकणं तिघांचं. पोरांनी दोन दिवसांत त्याचा केरबा केला. आता सगळी गल्ली त्याला केरबा म्हणते, पोळी घालणाऱ्या बायका ‘केरबा, ये रे’ म्हणतात, आणि मूळ पाताळातलं आहे हे कुणाच्या गावीही नाही.

एका गोष्टीवर मात्र काका चिडतात. ‘म्हणजे आपला भीमच की!’ असं कुणी म्हणालं की संपलं. ‘आपला नाही. ज्याचा त्याचा.’ आता खरं सांगायचं तर ही खोड ग्रीकांनाही होती. ग्रीक वकील मेगॅस्थेनिस इकडे आला आणि मथुरेकडे हेराक्लीसची पूजा चालते असं लिहून मोकळा झाला. हे एकदा मी काकांना ऐकवलं. ते म्हणाले, ‘वकिलातीतली माणसं घाईत लिहितात.’

कोल्हापूरला मात्र दरवर्षी जायचं ठरलेलं. काकू अंबाबाईच्या रांगेत आणि काका टाउन हॉलच्या संग्रहालयात. तिथे ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची वीतभर ब्राँझची मूर्ती आहे. पंचगंगेच्या काठी समुद्रदेव! काका तिच्यापुढे उभे राहून हात जोडत नाहीत, पण चप्पल काढतात. घारापुरीला लोक त्रिमूर्ती बघायला जातात, काका तिथल्या अँफोरांच्या खापरांची आठवण काढत हिंडतात. त्यांच्या मनातलं दुःख एवढंच, की रोमन काळात आपल्या किनाऱ्याला लागली ती दारू-तेलाची साधी भांडी. चित्रांची भांडी त्याआधी पाचशे वर्षं होऊन गेली होती. ‘आपल्याकडे रिकाम्या बाटल्या आल्या,’ असं ते भंगारवाल्याच्या सुरात सांगतात.

तळमजल्यावरच्यांची भाची पुण्याला डेक्कन कॉलेजात शिकत होती. तिने काकांना जोर्वेच्या भांड्यांचे फोटो दाखवले. नगर जिल्ह्यातलं जोर्वे, प्रवरेचा काठ, लाल भांड्यावर काळी नक्षी, आणि एक्सेकियसच्या आधी निदान पाच-सातशे वर्षं. काकांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितलं. ‘रेघा उत्तम. पण माणसं कुठे आहेत? देव कुठे आहेत?’ मग थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, ‘अथेन्सलाही आधी दोन-तीनशे वर्षं नुसत्या रेघाच होत्या म्हणा.’ भाचीच्या मते एवढं कबूल करून घेणं हीच पदवी.

वाचून समाधान होईना तेव्हा काका धारावीच्या कुंभारवाड्यात गेले. त्यांना दोन कानांचा, बुटक्या पायाचा, पसरट प्याला हवा होता. असल्या प्याल्यांच्या बाहेरच्या अंगाला मोठे डोळे काढलेले असतात. पिणाऱ्याने प्याला तोंडाला लावला की समोरच्याला मुखवटा दिसतो. आत तळाशी चित्र, ते पेय संपल्यावर दिसायचं. म्युनिकमध्ये एक्सेकियसचा असा प्याला आहे: डायोनायसस होडीत पहुडलाय, डोलकाठीवर द्राक्षाचा वेल चढलाय, आणि त्याला पळवणारे चाचे डॉल्फिन होऊन भोवती पोहतायत. सागरी विम्याच्या माणसाला याहून मोठं काय हवं? ‘खलाशीच मासे झाले तर नुकसानभरपाई मागायची कुणी?’

कुंभारवाड्यातले कुंभार मूळचे सौराष्ट्राकडचे, भट्ट्यांत सुताच्या चिंध्या जाळतात. अशा एका भट्टीपुढे उभं राहून काकांनी व्याख्यान दिलं. अथेन्सचा काळा रंग हा रंगच नव्हे. तीच लोहाची माती, पाण्यात निवळवून तिचा अतिशय बारीक गाळ काढायचा आणि त्याने चित्र काढायचं. भट्टीत आधी हवा मोकळी, सगळं लाल. मग हवा कोंडायची, ओलं लाकूड टाकायचं, सगळं काळं. मग पुन्हा हवा सोडायची. भांडं परत लाल होतं, पण गाळाचा थर तोवर काचेसारखा घट्ट झालेला, तो काळाच राहतो. एकच माती, एकच भट्टी!

कुंभार चाकावरचा हात न काढता म्हणाला, ‘काका, धुआँ रोका तो काला, छोड़ा तो लाल. मेरी दादी को पता था.’

काकांना हे उत्तर अपमानाचं न वाटता फार भारी वाटलं. अथेन्समध्येही कुंभारांची वस्ती वेगळी होती, केरामेइकोस म्हणतात तिला, आणि तिथली आजीही असंच बोलली असेल, असं ते येताना टॅक्सीवाल्याला सांगत होते. प्याला तयार झाला. तिसरी हवा जरा हुकली असावी. डायोनायससचं तारू तव्याला चिकटलेल्या घावनासारखं निघालं. काका दारूला शिवत नाहीत, म्हणून त्यात कोकम सरबत घेतलं. इतक्या पसरट प्याल्यातून पिताना निम्मं सरबत सदऱ्यावर आलं. बाहेरचे दोन डोळे काकूंकडे लागलेले. काकू म्हणाल्या, ‘अहो, डोळे वटारायला घरात मी आहे ना. हे कशाला आणखी?’ प्याला आता देवघरापाशी आहे, त्यात काडेपेटी आणि फुलवाती असतात.

मागच्या वर्षीची वार्षिक सर्वसाधारण सभा आमच्याकडे अजून विसरली गेलेली नाही. विषय पुनर्विकासाचा होता, त्यामुळे सगळे सभासद हजर, कधी न दिसणारेसुद्धा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत काका उठले. अथेन्समध्ये, त्यांनी सांगितलं, वर्षातून एकदा लोक जमत आणि जो माणूस डोईजड झाला असं वाटे त्याचं नाव फुटक्या भांड्याच्या खापरावर कोरून टाकत. सहा हजार खापरं पडली तर ज्याच्या नावाची जास्त, त्याने दहा वर्षं शहराबाहेर जायचं. घरदार जप्त नाही, दंड नाही, आरोपसुद्धा नाही. काकांनी पिशवीतून तुळशीच्या फुटक्या कुंडीची खापरं काढून वाटायला सुरुवातही केली होती. आमच्याकडे खापर फोडायला सगळे एका पायावर तयार असतात; त्यावर नाव लिहायचं म्हटल्यावर पेन कुणाकडे नव्हतं. अखेर पोरांनी खिळे आणले.

गोळा झालेली खापरं काकांनी टेबलावर मांडली. एकावर ‘लिफ्ट’ असं होतं. एकावर ‘तिसऱ्या मजल्याचा एसी गळतो’. एकावर फुली-गोळा अर्धवट खेळलेला. एकावर ‘गणपती बाप्पा मोरया’. पण खजिनदारांच्या नावाची बारा-तेरा निघाली आणि त्यातल्या बहुतेकांवरचा ‘ख’ एकाच पद्धतीने पाय मुडपून बसलेला. सभेत गलका झाला. खजिनदार लाल झाले. बोगस मतदान, बोगस मतदान! काका मात्र खापरं दिव्याखाली फिरवत होते आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता.

‘थांबा, थांबा!’ ते ओरडले. ‘अॅक्रोपोलिसच्या उत्तर उतारावर एका विहिरीत १९० खापरं सापडली. सगळ्यांवर थेमिस्टोक्लीसचं नाव. आणि अक्षरं किती जणांची? चौदा! आधीच कोरून ठेवायची आणि वाटायची. अहो, अगदी तसंच झालंय! अडीच हजार वर्षांनी, प्रभादेवीत!’

त्यांनी खजिनदारांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. खजिनदारांना आपला सत्कार होतोय की हकालपट्टी, ते कळेना. पुनर्विकासाचा विषय पुढच्या सभेवर गेला. इतिवृत्तात एवढंच आहे: ‘सभासदांनी सभेत मातीची खापरे आणू नयेत असे सर्वानुमते ठरले.’ विरोधात हात वर केला नाही तो काकांनीसुद्धा. ते खापरांना क्रमांक घालत होते.

मग आला गोपाळकाला. गल्लीच्या मंडळाला दहीहंडी रंगवून हवी होती, आणि फुकट रंगवणारे काका एवढेच. मंडळाच्या पोरांवर काकांचं आधीच वजन होतं. युथिमिदीस नावाच्या चित्रकाराने आपल्या भांड्यावर ‘युफ्रोनियसला असं कधीच जमलं नाही’ असं लिहून ठेवलंय, ही गोष्ट कळल्यापासून तो माणूस आपल्याच मंडळाचा असल्याची पोरांची खात्री होती. पलीकडच्या गल्लीला उद्देशून तसा फ्लेक्सही तयार झाला होता, पोलीस चौकीच्या विनंतीवरून तो लागला नाही.

आठ दिवस काकांचं दार बंद. आपला-परका हा भेद त्या आठ दिवसांत कुठे गेला कोण जाणे, कारण हंडीवर हेराक्लीस नव्हता, होता कृष्ण. काळ्या आकृतीच्या शैलीत तो आयताच बसला. पेंद्याच्या खांद्यावर उभा, तोंड एका अंगाने, डोळा मात्र समोरून बघितल्यासारखा मोठा. दागिने आणि धोतराच्या निऱ्या कर्कटकाच्या टोकाने खरवडलेल्या. फ्रान्स्वा कलशावर क्लेतियासने शंभराहून जास्त ठिकाणी नावं लिहिली आहेत. देवांचीच नव्हे, पडलेल्या घागरीखाली ‘घागर’ असंसुद्धा. म्हणून काकांनीही शिंक्याशेजारी ‘शिंके’, लोण्याशेजारी ‘लोणी’ आणि पळणाऱ्या मांजरापाशी ‘मांजर’ असं लिहिलं. यशोदा पांढरीफटक बघून काकू म्हणाल्या, ‘अहो, हिला काय झालं?’

‘बायका पांढऱ्याच काढायच्या. पद्धत आहे.’

‘आणि स्वयंपाक कोण करायचं त्यांच्यात?’

हंडी टांगली. आधी दही-पोहे भरले, मग आंब्याची पानं, मग झेंडूच्या चार माळा, मग कुणीतरी पुढाऱ्याचा फोटो. चित्र कुणालाही दिसलं नाही. चार थर लागले, पाऊस आला, एक थर कोसळला, पुन्हा लागला. काका खाली उलटी छत्री धरून उभे होते. पोलिसांनी त्यांना दोनदा दोरीबाहेर काढलं. अखेर वरच्या चिमुरड्याने नारळ हाणला आणि हंडी फुटली. छत्रीत दही बरंच आलं, खापरं सहा आली.

बाकीची गेली घराघरांत. काल्याच्या हंडीचं खापर घरात ठेवलं तर बरकत राहते, उंदीर फिरकत नाहीत, ही आमच्याकडची जुनी श्रद्धा. दुसऱ्या दिवसापासून काका वही घेऊन दारोदार. तुकडा कुठे ठेवलाय, लांबी किती, चित्र कुठलं. ‘क्र. ९: कृष्णाचा डावा पाय, तांदळाच्या डब्यात. क्र. १४: “लो” एवढीच अक्षरं, मीटर बॉक्सवर. क्र. १७: यशोदेचा हात, देव्हाऱ्यात, कुंकू लागलेले.’ तुकडा परत मात्र कुणी देईना. आणि काका मागतही होते ते अशा बेताने, की चहा होईपर्यंत निघायची घाई नसावी. कित्येक घरांत ते वर्षानुवर्षं गेले नव्हते. खजिनदारांकडेसुद्धा जाऊन आले. त्यांच्याकडे मांजर निघालं.

शेवटी राहिला पेंद्याचा चेहरा. तो चौथ्या मजल्यावरच्या आजींकडे, पिठाच्या डब्यामागे. काका त्यांना म्हणाले, ‘वहिनी, एवढा एक मिळाला तर मधला भाग जुळतो.’

‘भाऊजी, तो नाही मिळायचा. ठेवल्यापासून घरात एक उंदीर नाही.’

काकांनी वहीत लिहिलं: ‘उंदीर: नाहीत.’ मग टोपण लावत म्हणाले, ‘हरकत नाही. युफ्रोनियसचा कलश न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ साली सुमारे दहा लाख डॉलरला घेतला. इटलीतल्या थडग्यातून चोरून काढलेला माल. २००८ साली परत करावा लागला. छत्तीस वर्षं! मी थांबतो.’

‘थांबा की,’ आजी म्हणाल्या, ‘पण बिल्डरला विचारून थांबा. आणि चहात साखर चालते का तुम्हाला अजून?’